लागली असेल

कौतिकभाऊंचं नाव कौतिक, पण जन्मात त्यांचं कौतुक असं फारसं कुणी केलं नव्हतं आणि त्यांचंही त्यावाचून काही अडलं नव्हतं. जळगावातल्या एका पाइप कारखान्यात फिटर म्हणून त्यांची सगळी उमेद गेली. कौतिकनं जोडलेला सांधा गळत नाही, एवढी एकच ख्याती कारखान्यात होती. ती त्यांना पुरायची. निवृत्त झाल्यावरही गल्लीत कुणाची मोटार पाणी ओढेना, कुणाचा नळ ठिबकायला लागला, की हाक कौतिकभाऊंनाच. शेजाऱ्यांच्या भांडणात साक्षीलाही त्यांनाच उभं करायचे, कारण हा माणूस खोटं बोलत नाही हे गल्लीनं कधीच ठरवून टाकलं होतं. अशा माणसाची फार पंचाईत असते बरं का. त्याला खोटं बोलायचा सराव नसतो, आणि एखाद्या दिवशी तो बोललाच तर कुणाला शंकाही येत नाही. पकडलं जाऊन मोकळं व्हायचीसुद्धा सोय राहत नाही बिचाऱ्याला.

त्यांची एकुलती एक मुलगी दिपमाला दीपनगरच्या वीज केंद्रात इंजिनीअर. तिनं स्वतःच्या पगारातून मोटरसायकल घेतली, तीही साधी नव्हे. डोंगरातून, नदीच्या खडकातून चालवतात तसली, उंच, रुंद हँडलची, घोड्यासारखी अंगानं भरलेली. सुट्टी मिळाली की ही बाई एकटीच पालच्या जंगलात नाहीतर तोरणमाळच्या घाटात. गल्लीत कुजबुज व्हायचीच. लग्नाचं बघायचं सोडून पोरीला घाट कसले दाखवता, असं कौतिकभाऊंना तोंडावर विचारणारेही निघाले. कौतिकभाऊ हसून सोडून द्यायचे. घरात ते गाडीबद्दल चकार शब्द काढत नसत, पण रोज संध्याकाळी जुन्या धोतराच्या फडक्यानं ती पुसून ठेवायचं काम त्यांनी कुणी न सांगता अंगावर घेतलं होतं.

दिपमालानं एकदा चेष्टेत म्हटलं होतं, नाना, पुसा हवी तेवढी, पण बसू मात्र नका, तुमचे पाय जमिनीला पोचायचे नाहीत. सगळे हसले. कौतिकभाऊही हसले. पण ज्या माणसानं जन्मभर सायकल आणि पुढे एक मोपेड यापलीकडे काही हाकलं नाही, त्याला हे वाक्य कुठं लागलं ते त्याचं त्यालाच ठाऊक.

मग एकदा दिपमाला प्रशिक्षणासाठी रेल्वेनं नागपूरला गेली. गाडी अंगणात, चावी खुंटीवर. बायको भिकुबाई बाजारात गेलेली. कौतिकभाऊंनी आधी गाडी पुसली. मग हँडलचं लॉक काढलं. मग नुसतं बसून पाहू म्हणाले. बसल्यावर चावी फिरवली, आणि चावी फिरवल्यावर माणूस नुसता बसतो थोडाच. अंगणात एक फेरी झाली, दुसरीही झाली. त्या दोन फेऱ्यांत साठी ओलांडलेल्या या माणसाला जे सुख झालं, ते त्यानं नंतर कुणालाही सांगितलं नाही. तिसऱ्या फेरीला त्यांनी हँडल पुरतं उजवीकडे वळवलं आणि तुळशीवृंदावनाशी घाबरून पुढचा ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी कलंडली. पाय टेकवायला गेले तर पाय खरोखरच पोचले नाहीत.

स्वतःला फारसं लागलं नाही. गाडीच्या टाकीला मात्र वाटीएवढा पोचा आला, ब्रेकचा दांडा वाकला. कौतिकभाऊंनी फिटरची अक्कल वापरली. पहार आणली, लाकडी ठोकळे आणले, एकेक ठोकळा सरकवत ते धूड उभं केलं, होतं तिथं नेऊन लावलं. हे सगळं करताना मुलगी आली की सांगून टाकायचं, हे त्यांच्या मनात अगदी पक्कं होतं. माझा त्यावर विश्वास आहे. पण मग ते फडकं घेऊन खरचटल्याचे डाग पुसायला का बसले, हे विचारलं तर त्यांनाही सांगता आलं नसतं.

दिपमाला दुसऱ्या दिवशी सकाळी आली आणि पिशवी खाली ठेवायच्या आधीच तिला टाकी दिसली. कौतिकभाऊंच्या जिभेवर शब्द आलेच होते. पण तेवढ्यात भिकुबाई स्वयंपाकघरातून म्हणाली, "झुलालचा कॅन लागला की काय? तो रोज तिथंच तर लावतो त्याची गाडी."

झुलाल म्हणजे त्यांचा दूधवाला. पाळधीचा माणूस. मोटरसायकलच्या दोन्ही अंगांना मोठे कॅन अडकवून तो रोज गिरणा ओलांडून जळगावात यायचा, आणि दिपमाला पोलक्यात होती तेव्हापासून या घरी दूध घालायचा. कॅन लागले की रुंदी वाढते, त्यामुळे गल्लीत कुणाच्या तरी फाटकाला, कुणाच्या स्कूटरला त्याचा अधूनमधून धक्का लागलेला सगळ्यांनीच पाहिला होता.

"नाना, झुलालभाऊंची गाडी लागली का हिला? तुम्ही बघितलं का?" दिपमालानं विचारलं.

"लागली असेल," कौतिकभाऊ म्हणाले.

झालं ते एवढंच. पुढे महिना-सव्वा महिना कौतिकभाऊ त्या दोन शब्दांच्या आडोशाला बसून राहिले. आपण 'लागली' असं म्हटलेलंच नाही, 'लागली असेल' म्हटलं. असेल म्हणजे असेल किंवा नसेल. त्यात खोटं ते काय? मराठीनं माणसाला किती सोयी करून ठेवल्यात पाहा. कौतिकभाऊ दाढी करताना, भाजी निवडताना हे स्वतःला समजावून सांगायचे, आणि समजावून झालं की आपल्याच तोंडात मारून घ्यावीशी वाटायची.

कारण थोड्याच वेळात झुलाल आला. दिपमाला फाटकातच उभी होती. पोरगी वाईट नाही, पण रात्रभरच्या प्रवासाची दमलेली आणि गाडी तिचा जीव. ती म्हणाली, "झुलालभाऊ, एवढी मोठी गाडी उभी आहे. दिसत नाही का तुम्हाला?"

झुलालनं टाकीकडे पाहिलं, आपल्या कॅनकडे पाहिलं. बराच वेळ आठवत राहिला. ओसरीत कौतिकभाऊ वर्तमानपत्र तोंडापुढे धरून बसले होते आणि तो नाही म्हणेल, ठणकावून नाही म्हणेल, याची वाट बघत होते. तो नाही म्हणाला असता तर वाद झाला असता, आणि वादात खरं बाहेर काढणं त्यांना सोपं गेलं असतं. पण झुलाल म्हणाला, "लागना व्हई, बाई. मना ध्यानमा ऊनं नही." आणि हात जोडले त्यानं. नातीच्या वयाच्या पोरीपुढे.

वर्तमानपत्र तोंडापुढून हललं नाही.

त्यानंतर दोन-तीन दिवस झुलाल आला. गाडी फाटकाबाहेर लांब लावून, कॅन हातात घेऊन आत यायचा. मग यायचाच बंद झाला. राग आला असेल, असं भिकुबाईला वाटलं. म्हातारपणी माणसं चटकन दुखावतात, म्हणाली, आणि पिशवीचं दूध आणायला लागली. त्या दुधाला साय येईना म्हणून ती रोज झुलालचं नाव काढायची. नाव निघालं की कौतिकभाऊ काहीतरी निमित्त काढून अंगणात जायचे, आणि अंगणात ती गाडी उभी.

दिपमालानं पोचा तसाच ठेवला, पण एक ठरवलं. उभ्या-उभ्या नुसत्या धक्क्यानं एवढं होत असेल तर घाटात पडल्यावर काय होईल? गाडीला क्रॅश गार्ड बसवायचा. म्हणजे इंजिनाभोवती आणि टाकीभोवती पाइपाचा कठडा, गाडी पडली तर मार त्यानं खायचा. तिच्या ओळखीच्या स्वारांनी धुळ्याच्या मुख्तारचं नाव सांगितलं. तो गाडी बघून गार्ड निवडून देतो, पटला नाही तर बनवूनही देतो. दिपमाला म्हणाली, नाना, तुम्ही पण चला, पाइपातलं तुम्हाला कळतं.

कौतिकभाऊ मुलीच्या मागे बसून धुळ्याला गेले. गल्ली बघत होती. एरवी त्यांची छाती फुगली असती, पण त्या दिवशी ते मान खाली घालून बसले. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, तरी मुलगी हेल्मेटच्या आतून काय काय सांगत होती, वारा त्यातलं निम्मं घेऊन जात होता, आणि हे नुसते हं हं करत होते.

मुख्तारचं दुकान आग्रा रोडच्या आतल्या गल्लीत. भिंतीवर गार्ड टांगलेले, लहान-मोठे, काळे, चकचकीत. मुख्तार मध्यम वयाचा, कमी बोलणारा, गिऱ्हाईकाला खुर्ची देऊन स्वतः गाडीशी उकिडवा बसणारा. कौतिकभाऊ आत शिरल्या शिरल्या भिंतीशी गेले आणि त्यातला सगळ्यात जाड पाइपाचा गार्ड बोटानं वाजवून म्हणाले, हाच द्या. एवढा जाड की त्यावर छत उभं राहिलं असतं. दिपमाला हसली. मुख्ताराला ते हसण्यावारी नेता येईना, त्यानं नीट समजावून सांगितलं. फार जाड घेतला तर तो वाकत नाही, मग सगळा दणका गाडीच्या सांगाड्यात जातो. गार्ड वाकला तर बदलता येतो. शिवाय ताई एकट्या फिरतात, पडलेली गाडी एकट्यानं उचलायची म्हणजे वजनाचाही विचार हवा. कौतिकभाऊंना हे कळत नव्हतं असं नाही. जन्म पाइपात गेला होता. पण महिनाभर जी टोचणी लागली होती, तिला जाड पाइपच हवा होता.

मग मुख्तारानं विचारलं, "ताई, टाकीला हे लागलं कसं? ते सांगा, म्हणजे गार्ड सांगतो."

दिपमालानं दूधवाल्याचं सांगितलं. मुख्तारानं मान डोलावली, टाकीच्या पोच्यावरून अंगठा फिरवला आणि हँडल उजवीकडे पुरतं वळवून पाहिलं. हँडलचं टोक बरोबर पोच्यात जाऊन बसलं. तो म्हणाला, पोचा कॅनचा नाही, तुमच्याच हँडलचा आहे, हँडल उजवीकडे वळलेलं होतं. दिपमाला म्हणाली, पण मी तर डावीकडे लॉक करून ठेवते. मुख्तार म्हणाला, मग राहिलं असेल एखाद्या दिवशी.

जी पोरगी घरातून निघताना गॅस बंद केला का हे दोनदा बघते, ती म्हणाली, "नागपूरला जायच्या घाईत विसरले असेन."

झुलालनं 'व्हई' म्हणजे 'असेल'च म्हटलं होतं, आता पोरगी 'असेन' म्हणत होती. आपल्या एका 'असेल'नं दोन शहाण्या माणसांचा स्वतःवरचा भरवसा घालवला होता, आणि ज्याला पक्कं माहीत होतं तो खुर्चीवर बसून होता.

मुख्तार पुढं सांगत होता. उभी असताना धक्क्यानं हँडलच टाकीवर आपटलं असेल तर खालचा गार्ड पुरे, हलका पण आहे. हळू वळताना पडली असती तर मी वरची जोडही घ्या म्हटलं असतं, टाकीच्या बाजूनं येते ती. तशी पडताना हँडल वळलेलं असतं, आणि टाकी उघडी राहते. नाहीतर नुसतं वजन कशाला वाढवता?

"मग खालचाच द्या," दिपमाला म्हणाली. "उभीच होती."

मुख्तार उठला आणि त्यानं भिंतीवरचा खालचा गार्ड काढला. तो हातात घेऊन गाडीशी येईपर्यंतचं ते अंतर होतं, आणि कौतिकभाऊंना दिसत होतं की मुलगी तोरणमाळच्या एखाद्या वळणावर, अगदी तशीच, हँडल वळवून कलंडणार, आणि तिथं तिच्या बाजूला पहार-ठोकळे घेऊन कुणी नसणार. स्वतःची अब्रू राखायला त्यांनी आधी एका म्हाताऱ्याला पुढं केलं होतं. आता पोरीला करत होते.

"उभी नव्हती," ते म्हणाले. "मी चालवत होतो. वळवताना मी पाडली."

आवाज त्यांच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. शेजारच्या दुकानातला माणूससुद्धा वळून बघायला लागला. मुख्तार गार्ड घेऊन तसाच उभा राहिला, मग शहाण्यासारखा आत काहीतरी शोधायला निघून गेला.

दिपमालानं वडिलांकडे पाहिलं. तिनं पहिली गोष्ट विचारली ती इंजिनीअरची, पुढचा ब्रेक दाबला होता का. ते हो म्हणाले. तिनं आत जाऊन मुख्ताराला वरची जोडही लावायला सांगितली. गार्ड बसेपर्यंत दोघं बाकावर बसून होते. ती रागावेल, अद्वातद्वा बोलेल, याची कौतिकभाऊंनी तयारी केली होती. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"गाडीचं काही नाही, नाना," ती शेवटी म्हणाली. "पण मी झुलालभाऊंना काय म्हणाले होते, आठवतं तुम्हाला? दिसत नाही का, म्हणाले. आणि तुम्ही तिथं बसून ऐकलंत."

त्यांना आठवत होतं. त्यांनी वर्तमानपत्रातली कुठली बातमी तोंडापुढे धरली होती तेसुद्धा आठवत होतं. परत जाताना पाळधीला थांबायचं, हे दोघांनीही बोलून ठरवलं नाही, पण एरंडोल मागे पडल्यावर दिपमालानं गाडी हळू केली आणि कौतिकभाऊंनी मागून हात करून गावाचा रस्ता दाखवला.

झुलालचं घर त्यांना ठाऊक होतं. त्याच्या पोरीच्या लग्नात ते जेवून गेले होते. दारात त्याची मोटरसायकल नव्हती, म्हणून आधी वाटलं तो घरी नाही. पण झुलाल ओट्यावरच बसला होता, म्हशीचं दावं वळत. त्यानं दोघांना पाहिलं आणि लगबगीनं उठला, आणि उठता उठता त्याची नजर दिपमालाच्या गाडीकडे गेली, तसा तो पुन्हा अवघडला. गाडी दुरुस्तीबद्दल बोलायला आलेत असं त्याला वाटलं असणार. त्याची बायको भागाबाई दारात येऊन उभी राहिली.

कौतिकभाऊ बसलेसुद्धा नाहीत. त्यांनी गाडीवर बसून जे शब्द जुळवले होते, ते सगळे विसरले.

"झुलालभाऊ, तुमना कॅन लागना नही. गाडी मीच पाडी. माले माहीत व्हतं, अन् मी सांगं नही."

झुलालच्या हातात दावं तसंच होतं. मग त्यानं विचारलं, "मंग माले काहीच झायेल नही?"

कौतिकभाऊंना तो काय विचारतोय ते कळेना. मग झुलाल हळूहळू सांगायला लागला, कुणावर आळ न घेता, जसं एखादं दुखणं सांगतात तसं. बाई म्हणाली दिसत नाही का, म्हणून तो डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला होता. डॉक्टर म्हणाला, डोळे चांगले आहेत.

"मंग मी मनशी समजनू, डोया नही तं डोकं गयं," झुलाल म्हणाला. "एवढी गाडी ठोकी टाकी अन् आपले समजनंबी नही, म्हंजे काय ऱ्हायनं, भाऊ? आज गाडीले लागना. सकाय कोनाना पोऱ्याले लागी."

म्हणून त्यानं मोटरसायकल विकून टाकली होती. जळगावची घरं दुसऱ्या एकाला देऊन टाकली होती. आता दूध तो गावातल्याच डेअरीवर पायी नेऊन घालायचा, आणि रस्त्यात पोरं खेळत असली तर कडेनं जायचा.

दिपमालानं डोळे पुसले आणि वाकून त्याच्या पायाला हात लावला. झुलाल संकोचला, असू दे बाई, असू दे म्हणाला. आणि मग या माणसाचा चेहरा असा उजळला, की कौतिकभाऊंना तिथून पळून जावंसं वाटलं. तो रागावला नव्हता, हिशेब मागत नव्हता. आपल्या डोक्यात काही बिघाड नाही, एवढीच बातमी त्याला मिळाली होती, आणि तो वळून बायकोला ती पुन्हा पुन्हा सांगत होता. कौतिकभाऊंचा हात हातात घेऊन म्हणाला, बरं झालं भाऊ, तुम्ही येऊन सांगितलंत. आभार मानले त्यानं त्यांचे.

भागाबाई मात्र जागची हलली नव्हती. नवऱ्याचं बोलून होईपर्यंत ती पदर तोंडाशी धरून उभी होती. मग तिनं कौतिकभाऊंना विचारलं. आवाज चढवला नाही, साधंच विचारलं.

"मना मानूस रातरातभर आठे ओट्यावर बशी ऱ्हाये. इतला दिन तुमले झोप लागे का, भाऊ?"

नाही म्हणणं सोपं होतं. तिलाही तेच ऐकायचं होतं, बरोबरच्या मुलीलाही, आणि झुलाल तर तेवढ्यावर सगळं विसरून गेला असता. पण कौतिकभाऊंनी आठवून पाहिलं. दिवसा टोचणी लागायची हे खरं, पण रात्री पाठ टेकली की ते सकाळपर्यंत उठत नसत.

"लागे," ते म्हणाले.